अननसाचा शेंडा कुजत होता, तो असा वाचला

फळावरचा पानांचा शेंडा नवं रोप व्हावं म्हणून कुंडीत लावल्यावर पंधरा दिवसांत मधली पानं ओढताच हातात यायची, बुडाला आंबूस वास. आधी पाणी कमी करून पाहिलं, फरक शून्य. खरा दोष शेंड्याला चिकटून राहिलेल्या गराचा होता. तो गोड गर मातीत आधी सडतो आणि देठालाही सडवतो.

म्हणून शेंडा सुरीने कापू नका, पिरगळून काढा. राहिलेला गर खरवडा. खालची पानं एकेक सोलून 2-3 सेंमी देठ उघडा करा. त्यावर बारीक तपकिरी फुगवटे दिसतात, मुळं तिथूनच फुटतात. मग सावलीत 3-4 दिवस, पावसाळी हवेत आठवडाभर, जखम कोरडी होईपर्यंत ठेवा. ही पायरी गाळलीत तर बाकीची मेहनत वाया.

कुंडी 10-12 इंची. निम्मी माती, उरलेल्यात जाड वाळू आणि गांडूळखत. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, ते ओल धरून ठेवतं. उघड्या देठापुरतंच खोल लावा, पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या खळग्यात, माती जाऊ देऊ नका. दीड-दोन महिन्यांनी हलकेच ओढा. जागचा हलला नाही तर मुळं धरली. कडक ऊन त्यानंतरच.

फळाला दोन वर्षं, कधी अधिकही लागतात.