सहा फुटांवरच्यांनो, तिकिटाआधी मांडी मोजा

नागपूरहून चीनला थेट विमान नाही. इतवारी-गांधीबागेतला व्यापारी कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनासाठी ग्वांगझोला निघालेला असो की शांघायमार्गे अमेरिकेला जाणारा विद्यार्थी, चीनचं थेट विमान हवं तर आधी दिल्ली किंवा कोलकात्यासारखं शहर गाठावंच लागतं. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. त्यात चायना ईस्टर्नची दिल्ली-शांघाय सेवाही आली. तेव्हापासून उंच माणसांचा एकच प्रश्न असतो: चिनी कंपनीच्या इकॉनॉमीत पाय मावतात का?

सहा फूट, सहा-एकपर्यंतच्यांचे बहुतेक मावतात. सहा-तीनच्या पुढे मात्र विमान कोणतं आणि सीट कोणती, यावर सगळं ठरतं. ‘चिनी विमान म्हणजे बुटक्यांच्या मापाचं’ या समजात काही दम नाही. एअर चायना, चायना ईस्टर्न, चायना सदर्न यांच्याकडे मुख्यतः एअरबस आणि बोइंगच आहेत. त्यांच्या लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर, ज्याला सीट पिच म्हणतात, साधारण ३१ ते ३२ इंच असतं. इतर बऱ्याच कंपन्याही तेवढंच देतात. अपवाद स्प्रिंग एअरलाइन्ससारख्या स्वस्त कंपन्यांचा. तिथे पिच २८-२९ इंचांवर येतं, आणि सहा फुटांच्या वरच्याने दोन तासांपेक्षा जास्त तिथे बसू नये.

मोजायचं काय

उंचीचा आकडा इथे कामाचा नाही. काहींची उंची धडात असते, काहींची पायात. सहा-दोनचे दोघे शेजारी बसले तर एकाचे गुडघे पुढच्या सीटला घासतील आणि दुसऱ्याचं डोकं हेडरेस्टच्या वर जाईल. म्हणून खुर्चीची पाठ भिंतीला लावा, बूड पूर्ण मागे सरकवून ताठ बसा, आणि शिंप्याच्या टेपने खुर्चीच्या पाठीपासून गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा. सहा फुटांच्या माणसाचं हे माप साधारण २५ इंच भरतं, सहा-तीनवाल्याचं २६-२७.

आता हिशोब. पिच एका सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंत मोजतात, म्हणजे त्यात सीटच्या पाठीची जाडीही आली. जुन्या गुबगुबीत सीटची पाठ तीन इंचांच्या आसपास, नव्या पातळ सीटची दोनेक इंच. ३१ मधून ३ गेले, उरले २८. पुढच्या खिशातली मासिकं, सूचनापत्रक आणि तुम्हीच कोंबलेली पाण्याची बाटली यात आणखी एक इंच जातो. माप २६ असेल तर वाटीसमोर एक इंच मोकळा राहिला. २७ असेल तर गुडघा टेकलाच. म्हणून बसल्या बसल्या पहिलं काम म्हणजे खिसा रिकामा करा. सूचनापत्रक वाचून वरच्या छोट्या खिशात, मासिकं मांडीखाली किंवा वरच्या कप्प्यात.

आणखी एक गोष्ट हिशोबात धरा. पुढचा माणूस सीट मागे टाकतो तेव्हा पाठ खालच्या बिजागरीभोवती फिरते. बिजागरीजवळ ती फारशी सरकत नाही, वर मात्र तीन-चार इंच मागे येते. बुटक्या माणसाचा गुडघा बिजागरीच्या पातळीला असतो, त्याला फरक जाणवत नाही. उंच माणसाचा गुडघा वर असतो, म्हणून धक्का त्यालाच बसतो. यावर उपाय म्हणजे पाय थोडे फाकवून गुडघे पाठीच्या दोन्ही कडांना ठेवायचे आणि पावलं पुढच्या सीटखाली सरकवायची. त्यासाठी पायाखालची जागा मोकळी हवी. लॅपटॉपची बॅग वर टाका. सीट मागे येऊ नये म्हणून अडकवायचे प्लास्टिकचे खुंटे ऑनलाइन मिळतात. ते नेऊ नका, कर्मचारी काढायला लावतात आणि वर भांडण होतं ते वेगळंच.

विमान बघून सीट

तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. भाडं बघण्याआधी तो बघा.

ए३३० असेल तर बरं. इकॉनॉमी २-४-२ असते आणि सीट जवळपास १८ इंच रुंद. खिडकीकडच्या जोडीत बसलात तर शेजारी एकच माणूस. दोन उंच माणसं सोबत असतील तर याहून चांगली मांडणी नाही. शेपटीकडे विमान निमुळतं होतं, तिथे बऱ्याच ए३३० मध्ये मधल्या चारच्या तीन सीट होतात आणि खांदे, पाय तिरके टाकायला जागा सापडते. जुन्या ए३३० मध्ये एक खोड असते. काही सीटखाली स्क्रीनसाठीचा धातूचा डबा बसवलेला असतो आणि एका पायाची जागा तोच खातो. सीटच्या नकाशांच्या साइटवर अशा सीटची नोंद असते, ती वाचून घ्या.

बोइंग ७७७ एकाच नावाखाली दोन तऱ्हांचं असतं. एअर चायनाच्या बऱ्याच ७७७-३००ईआरमध्ये रांग ३-३-३ आहे, सीट ऐसपैस. चायना ईस्टर्नच्या त्याच विमानात ३-४-३, म्हणजे त्याच रुंदीत एक माणूस जास्त आणि सीट १७ इंचांच्या आसपास. पिच दोन्हींत सारखाच वाटला तरी उंच माणसाचे खांदे रुंद असतात, त्यामुळे दहाच्या रांगेत अर्धा देह वाटेत जातो. ७८७ ची ३-३-३ रांग जवळपास तशीच अरुंद. ए३५० त्याहून थोडं मोकळं.

छोट्या विमानांत ए३२० ची आतली रुंदी ३.७० मीटर, ७३७ ची ३.५४. फरक सोळा सेंटीमीटरचा, पण ७३७ च्या खिडकीशी बसलेल्या उंच माणसाला तो डोक्याजवळ आणि खांद्याला चांगलाच कळतो, कारण भिंत आत वळते. ७३७ मध्ये खिडकी घेऊच नका.

एक गंमत लक्षात ठेवा. कित्येक चिनी कंपन्या इकॉनॉमीच्या रांगांचे आकडे ३१ पासून सुरू करतात. नकाशात ३१ दिसलं म्हणून ‘शेपटीकडची सीट’ समजून सोडू नका. ती बऱ्याचदा इकॉनॉमीची पहिली रांग असते.

पैसे कुठे घालायचे

इमर्जन्सी दरवाज्याची रांग, पहिली रांग आणि प्रीमियम इकॉनॉमी, असे तीन पर्याय आहेत. उंच माणसाने पहिल्याला पहिला मान द्यावा.

इमर्जन्सी रांगेत पाय सरळ पसरतात. बदल्यात टेबल आणि स्क्रीन हाताच्या दांड्यात असतात, त्यामुळे दांडा वर होत नाही आणि सीट इंचभर अरुंद लागते. मोठ्या विमानात खिडकीकडच्या सीटसमोर दरवाज्याचा फुगीर भाग पुढे आलेला असतो. तिथे एक पाय अडतो आणि दाराकडून गारवाही लागतो. म्हणून त्या रांगेतही वाटेकडची सीट घ्या. ए३२० आणि ७३७-८०० मध्ये पंखावर अशा दोन रांगा एकामागे एक असतात. पुढची मागे झुकत नाही, मागची झुकते, तेव्हा मागची मागा. या रांगेत लहान मूल, गरोदर बाई किंवा पट्ट्याला जोडपट्टा लागणारा माणूस बसू शकत नाही, आणि चिनी किंवा इंग्रजी सूचना कळायला हव्यात. उड्डाण आणि उतरताना पायाशी पिशवीही चालत नाही. हवाई सुंदरी येऊन दार कसं आणि कधी उघडायचं ते सांगेल. नुसती मान न डोलावता नीट ऐका. समजलं नाही असं तिला वाटलं तर ती सीट बदलते.

पहिल्या रांगेचा मोह जपून करा. समोर कुणी सीट टाकत नाही हे खरं, पण समोर भिंत असते. २७ इंचवाल्याचे गुडघे सुटतात, पावलं अडतात आणि पाय पसरता येत नाहीत. शिवाय बाळाचा पाळणा तिथेच लागतो.

प्रीमियम इकॉनॉमी घेताना मांडणी विचारा. एअर चायनाच्या ७८७-९ मध्ये तिथेही रांग ३-३-३ च आहे. पाय मोकळे होतात, खांदे नाहीत. ज्याची अडचण फक्त मांडीची आहे त्याला हा सौदा पटण्यासारखा आहे. चायना सदर्नकडे काही छोट्या विमानांतही हा वर्ग असतो.

नागपुरातून बुकिंग

एजंटकडून तिकीट काढलं तर पीएनआरमध्ये त्याचा नव्हे, तुमचा मोबाइल आणि ईमेल टाकायला सांगा. विमान बदललं की निरोप तिथेच येतो. एजंटचा पीएनआर आणि विमान कंपनीचा पीएनआर वेगळे असू शकतात. कंपनीचा मागून घ्या, त्याशिवाय त्यांच्या साइटवर सीट उघडत नाही. तिकिटावर चिनी कंपनीचा नंबर असून विमान दुसऱ्याच कंपनीचं निघतं असंही होतं. ‘ऑपरेटेड बाय’ ही ओळ वाचा.

सीटचे पैसे भरल्यावर पावती फोनमध्ये ठेवा, आणि निघायच्या तीन दिवस आधी, मग आदल्या दिवशी पुन्हा सीट तपासा. विमान बदललं की कॉम्प्युटर सगळ्यांना नव्याने बसवतो आणि तुमची वाटेकडची ४५सी जाऊन दोघांच्या मधली सीट हाती येते. तसं झालं तर पावती दाखवून बदली किंवा परतावा मागता येतो. ऑनलाइन इमर्जन्सी रांग बंद दिसली तरी काउंटरवर लवकर पोचून विचारा. तुमच्याकडे बघून मागणी खरी आहे हे समोरच्याला कळतंच.

नागपूर-दिल्ली वेगळ्या तिकिटावर असेल तर सामान दिल्लीत उचलून पुन्हा द्यावं लागतं, आणि देशांतर्गत विमान टर्मिनल-१ ला उतरलं तर टर्मिनल-३ पर्यंत जायचं. मध्ये चार तास तरी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं धरून आदल्या दिवशीच पोचलेलं बरं. कोलकात्याला देशी-विदेशी उड्डाणं एकाच टर्मिनलमधून होतात, तिथे ही धावपळ नाही.

आत बसल्यावर

वाटेकडच्या सीटचा बाहेरचा दांडा बहुधा वर होतो. खालच्या बाजूला, बिजागरीजवळ, बोटाला एक छोटी कळ लागते, ती दाबून उचला. पाय वाटेत टाकता येतो, पण जेवणाची गाडी आली की आत घ्या. भरलेल्या गाडीची धातूची कड गुडघ्याच्या वाटीवर बसली तर पुढचे सहा तास आठवण राहते.

उंच माणसाची मांडी सीटवर पूर्ण टेकत नाही. गुडघे वर येतात, सगळा भार बुडावर पडतो आणि दोन तासांत कंबर बोलू लागते. घडी केलेलं ब्लँकेट पाठीशी न ठेवता मांडीखाली, सीटच्या पुढच्या कडेशी सरकवा. हेडरेस्ट ओढून वर घ्या, त्याच्या दोन्ही बाजूच्या पाळ्या कानांकडे दुमडा. ते खांद्यालाच टेकत असेल तर गळ्याभोवतीची उशी हवीच.

जेवणाच्या वेळी चिनी विमानांत सीट सरळ करायला सांगतात, म्हणजे पुढचाही सरळ होतो. तेवढा वेळ तुमचा. शाकाहारी जेवण आधी सांगितलं असेल तर ते सगळ्यांच्या आधी येतं, पण ताट उचलायला सगळ्यांसोबतच येतात. तोवर टेबल गुडघ्यांवर तिरकं राहतं, म्हणून लघवीला जायचं ते ताट यायच्या आधी. टॉयलेट निवडायला मिळालं तर विमानाच्या मधल्या भागातलं घ्या. खिडकीच्या बाजूच्या टॉयलेटचं छत उतरतं असतं.

चार तासांपेक्षा लांब प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, आणि १९० सेंटीमीटरच्या वरच्या लोकांत तो जास्त असल्याचं आढळलं आहे. दर दोन तासांनी मागच्या पॅन्ट्रीपर्यंत चक्कर मारा, बसल्या जागी टाचा-चवडे उचला, पाणी पीत राहा. गुडघ्याखालपर्यंतचे दाबाचे मोजे धंतोलीच्या कोणत्याही सर्जिकल दुकानात मिळतात. घोटा आणि पोटरी सकाळी मोजून, लांब मापाचे घ्या. आखूड मोजा पोटरीच्या मध्यावर आवळतो आणि फायद्याऐवजी नुकसान करतो. आधी गाठ झालेली असेल किंवा पायाच्या रक्तपुरवठ्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारूनच वापरा.

चीनच्या आत

उतरल्यावर देशांतर्गत विमान घ्यायचं तर ते बहुधा ७३७ किंवा ए३२० असतं, पिच साधारण ३० इंच. शिवाय २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत उड्डाणांत ३सी ही चीनची सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवरबँक नेता येत नाही, आणि भारतात घेतलेल्या पॉवरबँकवर ती सहसा नसते. व्हिसा हातात असेल आणि अंतर हजार-बाराशे किलोमीटरच्या आत असेल तर हायस्पीड रेल्वे बघा. सेकंड क्लासमध्ये दोन रांगांत ९८ सेंटीमीटर, म्हणजे साडेअडतीस इंच अंतर असतं. आपल्याकडे रेल्वेत साइड लोअरवर घडी होऊन झोपणाऱ्याला ते सुखच आहे. शांघायहून यिवूच्या बाजारात जाणाऱ्यांनी हाच रस्ता धरावा. विमान पुडोंग विमानतळावर उतरतं आणि यिवूच्या बऱ्याच गाड्या होंगछाओ स्टेशनातून सुटतात, त्यामुळे मध्ये शहर ओलांडायला दोन तास धरा. बुकिंग पासपोर्टवर होतं. रांगेत एकीकडे ए, बी, सी आणि दुसरीकडे डी, एफ. उंच माणसाने डी घ्यावी. ती दोनच्या बाजूची, वाटेकडची सीट.