स्टेम सेलसाठी पैसे मोजण्याआधी काय विचारायचं

मी इंदूरला फिजिओथेरपिस्ट आहे. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या मुलांच्या आया फोनवरची जाहिरात पुढे करतात : 'ताई, स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली की चालेल म्हणतात. इथे जवळच राऊला प्लॉट आहे, विकू का?'

काकू, आधी खर्च विचारा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या नियमांप्रमाणे मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचणं, हा अजून प्रयोगच आहे, आणि प्रयोगात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी 'पॅकेज' म्हणालं की उठायचं. 'पेशी तुमच्याच, परवानगी कशाला?' असंही ऐकवतील. स्वतःच्या पेशींनाही हाच नियम आहे.

मग चाचणीचा सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि घरी येऊन त्या संकेतस्थळावर शोधा. फुकट दिसतं. हॉस्पिटलचं नाव जुळतं का, इजा किती जुनी चालते, एएसआयए श्रेणी (इजा किती गंभीर ते सांगणारी) कोणती लागते, ते वाचा. इथेच बहुतेकांचं उत्तर मिळतं. जपानने २०१८मध्ये सशर्त मान्यता दिलेल्या स्टेमिरॅक या मज्जारज्जूच्या इजेवरच्या स्टेम सेल उपचारासाठी इजेपासून ३१ दिवसांच्या आत अस्थिमज्जा काढावी लागते. दोन वर्षांपूर्वी पडलेल्याला त्याचा काय उपयोग?

'आमचा पेशंट उभा राहिला' असा व्हिडिओ दाखवला, तर इजेनंतर किती महिन्यांनी इंजेक्शन दिलं ते विचारा. पहिल्या काही महिन्यांत थोडी ताकद आपोआपही परतते. तुलनेला इंजेक्शन न दिलेला दुसरा गट नसेल तर श्रेय कुणाचं? स्टेमिरॅकवरही हीच टीका झाली.

बायोमटेरियलची कल्पना मला स्वतःला आवडते : इजेच्या पोकळीत विरघळणारा सच्छिद्र आधार ठेवायचा, वेलीला मांडव घालावा तसा. पण अमेरिकेतल्या इनव्हिवो कंपनीच्या अशा आधाराची चाचणी २०२३मध्ये अपेक्षित निकाल देऊ शकली नाही.

'फायदा नाही तर तोटाही नाही' हे मात्र अजिबात ऐकू नका. नाकातल्या अस्तराच्या पेशी मणक्यात घातलेल्या एका तरुणीला आठ वर्षांनी तिथेच गाठ झाली. २०१४मध्ये ते छापून आलं. शिवाय आधी पेशी टोचून घेतलेल्यांना पुढच्या बऱ्याच चाचण्यांत घेत नाहीत.

तोवर प्लॉट राहू द्या. दर दोन तासांनी कूस बदला, लघवीची नळी स्वच्छ हातांनी घाला, आणि एएसआयए तपासणीचा कागद फाइलला लावून ठेवा; खरी चाचणी निघाली तर तो आधी मागतील.