ठिपके, बांध आणि दोन शाया: चकवा काढायची माझी रीत

"मामा, हांगा वाटच ना!"

माझ्या पहिल्या चकव्यावर नऊ वर्षांच्या भाचीने दिलेला हा निकाल, आणि तो खरा होता. मे महिन्याच्या उकाड्यात तासभर खपून काढलेल्या त्या भूलभुलैयाला आत शिरायला दार होतं, बाहेर पडायलाही होतं. मधे मात्र एक भिंत अशी आडवी गेली होती की एका दारातल्या उंदराला दुसऱ्या दारातल्या नेवरीपर्यंत, म्हणजे करंजीपर्यंत, पोचवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. पेन्सिलीने काढला असता तर खोडलं असतं. मी शाईने काढला होता.

मी गोव्यात चोडण बेटावर राहतो, पणजीत हिशेबाच्या कामाला जातो. दिवसभर संगणकावर आकडे असतात, त्यामुळे संध्याकाळी हाताला शाई लागली की बरं वाटतं. शाईची पेनं तीन-चारच आहेत. शाईचे नमुने मात्र डबाभर, दोन-दोन मिलिलिटरच्या कुप्या, कुठून कुठून मागवलेल्या. एवढ्याशा शायांचं करायचं काय? पत्रं कोणी लिहीत नाही. चकव्याला मात्र रेघाच रेघा लागतात, त्यामुळे एका चकव्यात शाईची पुरती ओळख होते.

चकवा हा शब्द आजीचा. रात्री कुळागरातून, म्हणजे सुपारी-माडांच्या बागेतून, येताना माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्याला ती चकवो लागला म्हणायची. मुलांच्या पुरवण्यांत याला 'वाट शोधा' म्हणतात. काही जण चक्रव्यूह म्हणतात, पण मी तो शब्द वेगळ्या आकृतीसाठी ठेवतो. रिवणजवळ उसगाळीमळला, कुशावतीच्या काठी, जांभ्यावर कोरलेली जुनी चित्रं आहेत. १९९३ साली ती अभ्यासकांच्या नजरेस आली. त्यांत बैल आहेत, मोर आहे, आणि एक गोल, वळणावळणांची आकृती आहे. त्या जातीच्या आकृतीत वाट एकच असते, फाटा नसतो. नुसतं चालत राहायचं, हरवायचं कारणच नाही. आपल्याला हरवणारा हवा आहे.

खोडावं लागू नये अशी रीत मला फेरीबोटीवर सापडली. चोडणच्या धक्क्यावर वाट बघताना समोर खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचे, बांध दिसतात. नवा बांध मधेच पाण्यात कोणी घालत नाही, तो जुन्या बांधाला धरूनच निघतो. आणि त्याचं दुसरं टोकही दुसऱ्या बांधाला जाऊन भिडलं, तर मधलं पाणी कोंडलं जातं. मग तिथे मानस, म्हणजे पाणी सोडायची झडप, बसवावी लागते. चकव्याच्या भिंतींचं नेमकं हेच आहे. भिंत जुन्या भिंतीतून निघावी आणि तिचं दुसरं टोक मोकळ्यात संपावं. एवढं पाळलं की वाट कधीच कोंडत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. ठिपक्यांची रांगोळी काढता येते ना, मग अर्धं काम येतंच.

पहिला चकवा १२ बाय १२ घरांचा घ्या. घर ५ मिलिमीटरचं, म्हणजे चौकोन ६ सेंटिमीटरचा. आलेख वहीचं पान असेल तर रेघा आयत्याच मिळतात. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने अगदी फिके ठिपके द्या. चौकोनाच्या आत ११ ओळींत ११ प्रमाणे १२१ ठिपके होतील. बाहेरची चौकट शाईने काढा आणि तिच्यात एकेका घराएवढी दोन दारं सोडा, शक्यतो समोरासमोरच्या कोपऱ्यांत. मग एकच नियम. ज्याला शाई लागलेली नाही असा, शेजारचा ठिपका निवडायचा आणि त्याला शाई लागलेल्या भिंतीशी जोडायचं. शाई लागलेले दोन ठिपके एकमेकांना कधीही जोडायचे नाहीत. एकही कोरडा ठिपका उरला नाही की चकवा पुरा झाला. १२१ ठिपके, १२१ छोट्या रेघा, एक कमी नाही की जास्त नाही. हिशेबनिसाला याहून सुखाची गोष्ट नाही, ताळेबंद आपोआप जुळतो. असा चकवा कितीही वेडावाकडा वाढवा, आत शिरून बाहेर पडायची वाट निघतेच, आणि एकच निघते.

सवय झाली की २० बाय २० करा, त्यात ३६१ ठिपके येतात. ए-फोर कागदावर चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर सोडून ३६ बाय ५३ घरं बसतात, पण ते काम एका बैठकीचं नाही. मी एकदा बसलो आणि उठेपर्यंत मान धरली होती.

सगळ्या रेघा एकेका घराएवढ्याच काढल्या तर चकवा दिसायला विटांच्या भिंतीसारखा होतो आणि सोडवायलाही बाळबोध होतो. आधी चौकटीतून लांब हात काढा, आठ-दहा ठिपके खात आत जाणारे. एक हात डाव्या बाजूने, दुसरा उजव्या बाजूने, दोन्ही पंजांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे. वाट या बोटांच्या मधून नागमोडी जाते, त्यामुळे हात जितके खोल तितकी वाट लांब. उरलेल्या जागेत मग आखूड फाटे भरा. मुलं लबाड असतात, बाहेरच्या दारातून उलटी येतात. म्हणून शेवटच्या दारापाशीही दोन-तीन लांब, आंधळ्या गल्ल्या हव्यात. आणि जी गल्ली सरळ नेवरीच्या दिशेने जाते असं वाटतं, ती बंद असावी. मोठी माणसं हमखास तिच्यातच शिरतात.

पेनाबद्दल. बारीक निब घ्या. जपानी कंपन्यांची फाइन निब युरोपातल्या फाइनपेक्षा बारीक असते, आणि पाच मिलिमीटरच्या घराला तीच बरी. मीडियम निब असेल तर घर सात-आठ मिलिमीटरचं करा, नाहीतर भिंती जाड आणि गल्ल्या अरुंद होतात. रेघ नेहमी आपल्याकडे ओढायची. निब पुढे ढकलली की ती कागदाचे तंतू उचकटते आणि अडते. म्हणून हात फिरवू नका, कागद फिरवा. माझा कागद एका चकव्यात वीसेक वेळा तरी फिरतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कळायला मला सहा चकवे लागले. रेघेची सुरुवात भिंतीपासून करू नका. ओल्या भिंतीला निब लागली की ती निबेतली शाई ओढून घेते आणि तिथे गाठ बसते. कोरड्या ठिपक्यापासून निघा आणि भिंतीत येऊन संपवा, रेघेचं टोक भिंतीत लपतं. कोपऱ्यावर थांबू नका. थांबलात की थेंब साचलाच म्हणून समजा. चकवा लिहिण्यासारखा डावीकडून उजवीकडे वाढत नाही, सगळीकडून वाढतो, त्यामुळे तळव्याखाली टीपकागद हवाच. माझ्याकडे पुऱ्या झालेल्या चकव्यांपेक्षा पुसटलेल्या चकव्यांची संख्या जास्त आहे.

नमुन्याची कुपी अरुंद असते, तिच्यात निब बुडत नाही. औषधांच्या दुकानातून साधी २ मिलिलिटरची सिरिंज आणा. सुई टोकदार नको, भोथरी मिळाली तर उत्तम. दुकानदार विचारतो कशाला, मी शाईला म्हणतो, त्याचा विश्वास बसत नाही. पेनातला कन्व्हर्टर, म्हणजे शाई साठवायची नळी, बाहेर काढून सिरिंजने थेट भरायचा. त्यात जेमतेम मिलिलिटरभर शाई मावते, म्हणजे एका कुपीत दोनदा तरी पेन भरतं. रंग नुसता बघायचा असेल तर पेन भरूच नका. काचेचं बुडवायचं पेन घ्या, चार रेघा काढा, पाण्यात खळबळवा, पुढची कुपी उघडा. दोन शाया एकाच पेनात मिसळू देऊ नका. आधीची शाई धुताना पाणी निबेखालच्या जिभेतून स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, मग निब खाली करून पेन रात्रभर टीपकागदावर उभं ठेवायचं. चमकीच्या शाया बारीक निबेत घालू नका, चमकी जिभेत बसते. आणि चित्रकलेची ती लाखेची काळी शाई, जिला इंडियन इंक म्हणतात, ती शाईच्या पेनात कधीच घालायची नाही. पेन कायमचं जातं.

कागदाचं दुखणं मात्र आपल्या हवेचं आहे. मार्चमध्ये ज्या वहीवर रेघ सुरीने कापल्यासारखी येते, त्याच वहीवर जुलैत शाई फुटते. कागद हवेतली ओल पितो आणि रेघेला मिशा येतात. पावसाळ्यात मी कागद पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवतो, सोबत बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिकाच्या पुड्या. लागतील तेवढीच पानं बाहेर काढायची. झेरॉक्सचा ७५ ग्रॅमचा कागद सरावाला चालतो, पण ओली शाई पलीकडे उमटते. सगळ्यात चांगला कागद मला जुन्या खतावण्यांत मिळाला. ऑफिसात रद्दीत निघालेल्या, निम्म्या कोऱ्या. त्या कागदावर शाई वर बसते, आत शिरत नाही. वाळायला मात्र वेळ घेते, जुलैत तर एवढा की मधे चहा होतो.

आता दोन शायांची गोष्ट.

दोन दारांमुळे बाहेरच्या चौकटीचे दोन तुकडे होतात. प्रत्येक भिंत शेवटी यांतल्या एकाच तुकड्याला लटकलेली असते. आपला हिशेब चुकू नये म्हणून मी एका तुकड्याच्या सगळ्या भिंती निळ्या आणि दुसऱ्याच्या जांभळ्या काढायला लागलो. तेवढेच दोन नमुने एकदम वापरून होतात, एवढाच विचार. तसा २० बाय २० चा चकवा भाचीला दिला. माझा अंदाज पंधरा मिनिटांचा होता. तिने चहा गाळून होईपर्यंत सोडवला.

"कसा?"

"एका हाताला निळी, एका हाताला जांभळी. दोन्ही हातांना तीच आली की ती गल्ली खोटी."

मी कागद घेऊन बसलो आणि दर गल्ली तपासली. तिचं बरोबर होतं, आणि ते नेहमीच बरोबर असणार. खरी वाट म्हणजे दोन तुकड्यांच्या मधली शीव. बंद गल्ली एकाच तुकड्याच्या पोटात असते, त्यामुळे तिच्या दोन्ही भिंती एकाच रंगाच्या. मी रंगाने उत्तर लिहून दिलं होतं आणि मलाच ते वाचता आलं नव्हतं.

तेव्हापासून नमुने निवडायची माझी पद्धत बदलली. आता मी जोड्या लावतो. लहान मुलांना निळी-जांभळी, उघड. जरा मोठ्यांना निळी आणि निळीकाळी, जी ट्यूबलाइटखाली सारखी दिसतात आणि उन्हात नेली की वेगळ्या कळतात. जोडी लावताना दोन्ही शायांच्या रेघा एकाच कागदावर शेजारी ओढा, वाळू द्या आणि मगच ठरवा. ओली शाई खोटं बोलते.

सगळ्यात आवडती जोडी काळी-काळी. एक प्लॅटिनम या जपानी कंपनीची कार्बन ब्लॅक, जी वाळल्यावर पाण्याने हलत नाही, आणि एक साधी काळी, जी पाणी लागलं की पसरते. आधी वेगळ्या कागदावर दोन्हींवर पाण्याचा बोळा फिरवून खात्री करून घ्या. कार्बनच्या शाईला पेनात वाळू द्यायचं नाही. टोपण घट्ट बसणारं पेन तिला राखून ठेवा, चार दिवसांतून एकदा तरी लिहा. दोन पेनांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधा, कारण शाई एकसारखी दिसते आणि एकदा चुकीचं पेन उचललं की शीव बिघडली. मी बिघडवली आहे.

चुकून शाईचे दोन ठिपके जोडलेच आणि जागा कोंडली, तर पान फाडू नका. कोंडलेली जागा भरीव रंगवा, तिचं तळं करा, काठाला एक माड काढा. मुलांना तीच जागा आवडते. पण अशी रेघ निळ्या-जांभळ्या भिंतींना एकमेकींशी जोडत असेल, तर खरी वाटच बंद झाली. मग त्या पानामागे बाजाराची यादी लिहावी.

गेल्या गणेश चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, अकरा मुलं जमली होती. अकरा काळे चकवे काढले होते, एका दारात उंदीर, दुसऱ्या दारात नेवरी. उत्तराचा कागद मी ठेवलाच नव्हता. ज्याला हार मानायची त्याने मागच्या पडवीत यायचं, तिथे पाण्याची वाटी आणि रुंद ब्रश ठेवला होता. ब्रश एकदाच, हलक्या हाताने, वरून खाली फिरवायचा. निम्म्या भिंती करड्या होऊन पसरतात, निम्म्या तशाच उभ्या राहतात, आणि मधून वाट निघते. तासाभराने पडवीत रांग लागली होती. चकवा सोडवलेली मुलंही रांगेत होती, आणि भाची सगळ्यांत पुढे.