बुरशी आलेली फ्लॉपी आणि मामांचे हिशेब

मामांच्या पंचवटीतल्या घरी द्राक्षबागेच्या जुन्या हिशेबांची फ्लॉपी निघाली. निम्म्या फायली कुणीतरी डिलीट केलेल्या. पत्र्याची झडप सरकवली तर तबकडीवर पांढरट ठिपके. नाशिकच्या पावसाळ्याची कृपा, दुसरं काय! अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हमधल्या वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडून ठेवते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड ओला करून, मागचं धातूचं चक्र बोटाने हळूहळू फिरवत दोन्ही बाजू पुसल्या, नीट वाळू दिल्या.

मग कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं केलं, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जात नाही. यूएसबी ड्राइव्ह लावून लिनक्सवर डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून घेणारा प्रोग्राम) अख्ख्या फ्लॉपीची प्रत काढली. १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणजे ५१२ बाइटचे २,८८० सेक्टर, म्हणजे माहितीचे छोटे कप्पे. हट्टी सेक्टरांसाठी फ्लॉपी काढून पुन्हा घातली की कधी कधी वाचतात.

डिलीट केल्यावर डिरेक्टरीतल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर पुसलं जातं. फाइलचा आकार आणि ती कुठे सुरू होते हे तसंच राहतं. पुढचे तुकडे कुठे आहेत त्या साखळीची नोंद मात्र जाते, त्यामुळे सलग साठवलेली फाइल सहज मिळते, तुकड्यातली रडवते. टेस्टडिस्क हे डिलीट झालेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर त्या प्रतीवर चालवलं, पार्टिशन प्रकार ‘नन’ निवडून (फ्लॉपीला पार्टिशन नसतंच), आणि बरेचसे हिशेब आले.

उघडले तर अगम्य अक्षरं! मामा म्हणाले, “अरे, ही तर मोडीच दिसतेय.” मजकूर युनिकोडपूर्वीच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या) फाँटात टाइप केलेला होता, तो युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्यावर खतं, मजुरी, पेट्यांचे भाव, सगळं वाचता आलं.