तप्त बाह्यग्रहाच्या वातावरणाची गळती कागदावर कशी काढावी

तप्त बाह्यग्रहाच्या, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती अगदी जवळून फिरणाऱ्या ग्रहाच्या, वातावरणातून निसटणाऱ्या हायड्रोजनची सर्वांत ठळक खूण १२१.६ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात उमटते आणि तो प्रकाश पृथ्वीचे वातावरण शोषून घेत असल्यामुळे ठाण्यातून ती कोणत्याही दुर्बिणीने टिपता येत नाही. गळतीचा अंदाज मात्र वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बांधता येतो. उदाहरणासाठी एचडी २०९४५८ बी हा ग्रह निवडावा. महाश्व तारकासमूहातील त्याचा तारा ऑक्टोबरच्या मध्यानंतर रात्री नऊच्या सुमारास ठाणे आणि नवी मुंबईच्या जवळजवळ थेट डोक्यावर येतो, आणि ढग नसतील तर ठाण्याजवळच्या येऊरच्या अंधाऱ्या बाजूने तो द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) दिसू शकतो.

प्रथम मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाच्या गुरुत्वातून सुटण्यासाठी लागणारा वेग, काढावा. गुरूच्या ०.६९ पट वस्तुमान आणि १.३८ पट त्रिज्या धरल्यास तो सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर येतो. ग्रहाचे तापमान १४०० केल्विन धरले, तर हायड्रोजन अणूचा सरासरी वेग जेमतेम ६ किलोमीटर भरतो, आणि येथेच पुष्कळ विद्यार्थी गळती अशक्य असल्याचा निष्कर्ष काढून मोकळे होतात. ताऱ्याचे क्ष-किरण आणि तीव्र अतिनील किरण वातावरणाचा वरचा थर सुमारे १०,००० केल्विनपर्यंत तापवतात. तरीही अणूचा वेग १६ किलोमीटरच्या आसपासच राहतो. म्हणून सुटा अणू उडून जाण्याची कल्पना सोडावी. उकळत्या दुधासारखा संपूर्ण थर फुगून वर चढतो आणि खालच्या वायूच्या दाबाने सलग प्रवाहाच्या रूपात बाहेर पडतो.

आता ऊर्जेचा हिशेब मांडावा. ग्रहावर पडणारा या क्ष-किरण व अतिनील किरणांचा प्रवाह, ग्रहाच्या त्रिज्येचा घन, पाय (π) आणि कार्यक्षमता (किरणांच्या ऊर्जेपैकी वायू बाहेर काढण्यात खर्ची पडणारा हिस्सा) यांच्या गुणाकाराला गुरुत्व-स्थिरांक व ग्रहाचे वस्तुमान यांच्या गुणाकाराने भागावे. सूर्यासारख्या ताऱ्यापासून ०.०४७ खगोलीय एककावर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर) हा प्रवाह दर चौरस मीटरला सुमारे २ वॉट धरावा आणि कार्यक्षमता १० टक्के. उत्तर सेकंदाला सुमारे ७००० टन येते. आकडा दचकवणारा असला, तरी पाच अब्ज वर्षांत ग्रहाचे वस्तुमान त्यामुळे एक दशांश टक्काही घटत नाही.

अवकाशातील हबल दुर्बिणीने केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना १२१.६ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सुमारे १५ टक्के घटलेला आढळला, दृश्य प्रकाशातील घट मात्र दीड टक्का आहे. त्यावरून काढलेली किमान गळतीही याच पातळीची होती.

कार्यक्षमता हा या हिशेबातील सर्वांत कच्चा दुवा आहे, त्यामुळे १ टक्का आणि ३० टक्के धरूनही उत्तरे काढावीत. तारा तरुण असताना त्याचे क्ष-किरण आणि तीव्र अतिनील किरण शेकडो पटींनी तीव्र असतात, हेही विसरू नये. पृथ्वीच्या पाचपट वस्तुमानाचा, पातळ हायड्रोजन आवरणाचा ग्रह घेऊन हाच हिशेब पुन्हा करावा: तेथे आवरणाचा मोठा हिस्सा, प्रसंगी सगळेच आवरण, उडून जाऊ शकते.