परदेशी कुशल कामगारांसाठी वेगळा कायदा हवा का, हे कसं तपासावं

‘माणसंच मिळत नाहीत’ ही उद्योगांची ओरड कायदा करायला पुरेशी नाही. आधी पगार बघा. खरी टंचाई असेल तिथे जागा महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात आणि पगारही इतर व्यवसायांपेक्षा भराभर वाढतो. जागा रिकाम्या पण पगार जागचा हलत नाही, तर त्या पगारात यायला कोणी तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ. अपवाद सरकारी रुग्णालयांसारख्या ठिकाणांचा: तिथे पगार सरकार ठरवतं, त्यामुळे टंचाई पगारात उमटत नाही. आकडे व्यवसायनिहाय घ्या. ‘आयटी’ किंवा ‘आरोग्य’ असा सरसकट गठ्ठा घेतला की काहीच कळत नाही.

मग माणूस तयार व्हायला किती काळ लागतो ते पाहा. वेल्डर वर्ष-दोन वर्षांत शिकवता येतो, तिथे मुदतीचा परवाना पुरतो. तज्ज्ञ डॉक्टर घडायला दहा वर्षं लागतात. त्याला कायम वास्तव्याची वाट दिली नाही तर तो दुसऱ्या देशात जाईल.

निवड कोणी करायची? कॅनडाने १९६७ मध्ये शिक्षण, वय, भाषा यांना गुण देणं सुरू केलं. यात पदवीधर येतात, पण स्थानिक परवाना मंडळ पदवी मानत नसेल तर इंजिनिअर टॅक्सी चालवतो. जर्मनीच्या २०२० च्या कायद्यातही पात्रतेच्या मान्यतेचं घोडं अडलं. २०२३ मध्ये अनुभवी लोकांसाठी ती अट सैल करावी लागली.

निवड मालकाच्या हाती दिली तर किमान पगाराचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेच्या एच-१बीमध्ये (मालकाने बोलावलेल्या परदेशी कुशल कामगारांचा व्हिसा) किमान पगाराची सर्वांत खालची पायरी दीर्घकाळ सतराव्या शतमकावर होती, म्हणजे त्या कामातले शंभरातले सुमारे त्र्याऐंशी जण त्याहून जास्त कमावतात. कुशल माणूस आणायचा तर ही पायरी फारच खाली आहे. त्या कामातले निम्मे जण ज्याहून जास्त कमावतात, त्या मध्यम पगाराखाली जाऊ नका.

नोकरी बदलायची मोकळीकही द्या. एच-१बीवर नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत नवा मालक शोधावा लागतो. अशा माणसाला पगारवाढ मागायचा धीर होत नाही आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या स्थानिकाचाही पगार अडतो.

कोट्याचा आकडा कायद्यात कोरू नका. एच-१बीचा वर्षाला ६५,००० चा मूळ आकडा १९९० चा. मध्ये काही वर्षं वाढवला, पुन्हा तिथेच आला, कारण बदलायला दर वेळी संसदच लागते. ब्रिटनने २००७ मध्ये नेमली तशी अर्थतज्ज्ञांची स्वतंत्र सल्लागार समिती ठेवा, आणि टंचाईच्या यादीत व्यवसाय घालतानाच तो फेरतपासणीला कधी येणार ती तारीख लिहा.