फोन घरी ठेवून वावरात कसं जायचं

स्मार्टफोन विकून टाका म्हणणाऱ्यांचं मला काही पटत नाही. ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाची सरकारी नोंद कराले, ॲप लागतं, पोट्ट्यांच्या शाळेचा ग्रुप असतो, कुठं ना कुठं अडतंच, त्यामुळं घरात एक राहू द्या. फक्त त्याच्याकडची कामं एकेक करून काढून घ्यायची. आधी एकदोन दिवस नुसतं बघा की तुम्ही फोन कायले काढता. टाइम पाहाले काढला आन् अर्धा तास रील पाहत बसलो, हे बहुतेकांचं असतं.

म्हणून पहिले गजराचं घड्याळ घ्या, साधं, पेन्सिल सेलवालं. उशीपासून लांब ठेवा म्हणजे बंद कराले उठावंच लागतं, आन् मग उशाशी फोन ठेवायचं कारणच उरत नाही.

दुसरी वस्तू बॅटरी, म्हणजे टॉर्च. रात्रीच्या लाइनीवर (विजेवर) ओलित करणाऱ्याले, म्हणजे पिकाले पाणी देणाऱ्याले, हे सांगायची गरज नाही, पण तरी लोक फोनचा लाइट लावून धुऱ्यानं फिरतात. तो उजेड पसरतो, दूर जात नाही, आन् एक हात त्यातच गुंततो. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, दोन्ही हात पाइप बदलाले मोकळे. जागलीला (रात्रीच्या राखणीला) जात असाल तर रोही (नीलगाय)-डुकरांसाठी लांब झोत टाकणारी हातातली वेगळी. सेल बदलता येणारी बरी, कारण चार्जिंगवाली नेमकी लाइन नसते त्या दिवशीच उतरते.

आता बटनाचा फोन, इथं लोक फसतात. जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळं जिओचं सिम साध्या २जी डबड्यात चालत नाही, ४जीवालाच बटनाचा फोन घ्यावा लागतो आन् जिओभारत हा जिओचाच स्वस्त फोन घेतला तर त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. दुकानातच सिम टाकून एक कॉल लावून पाहा. बँकेला जोडलेलं सिम स्मार्टफोनमधून काढू नका, पेमेंटचं ॲप अडून बसेल, वावरासाठी दुसरं सिम घ्या. पैसे पाठवाले स्टार ९९ हॅश (*99#) डायल करायची सोय आहे, २०२२ पासून यूपीआय १२३पे पण आहे, इंटरनेट लागत नाही, पण त्यासाठी वावरातल्या सिमचा नंबरही बँक खात्याला जोडलेला लागतो. किडीबिडीचं विचारायचं असलं तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, फुकट, मराठीत बोलतात.

रेडिओ घेताना एमडब्ल्यू (मीडियम वेव्ह) आहे का ते बघाच. बाजारातले गाणे वाजवणारे डबे नुसते एफएमवाले असतात. नागपूर आकाशवाणी मीडियम वेव्हवर ५८५ ला. खरखर आली की लोक वरची दांडी ओढतात, पण मीडियम वेव्हचा अँटेना डब्याच्या आत असतो, दांडीनं काही होत नाही, अख्खा रेडिओच फिरवायचा. जवळ एलईडी बल्ब नाहीतर चार्जर चालू असला तरी खरखर येते.

आन् माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे पर्जन्यमापक, जी कोणी घेतच नाही. फोन तालुक्याचा पाऊस सांगतो, आपल्या वावरात किती पडला ते सांगत नाही. सोयाबीन, पऱ्हाटी (कापूस) ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषीवाले दरवर्षी सांगतात, पण मोजतो कोण, ढेकूळ फुटलं की पेरलं! विकत नसेल घ्यायचा तर सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा, वरून-खालून सारखा डबा घ्या, झाडाछपरापासून लांब, उघड्यावर पक्का रोवा, रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा आन् डबा रिकामा करा. १ सेंटिमीटर म्हणजे १० मिमी. आकडा कॅलेंडरवरच तारखेच्या चौकोनात लिहा, बेरीज डोळ्यासमोर राहते. सरकार काही तुमच्या डब्याचा आकडा धरत नाही, अतिवृष्टीचे ६५ मिमी महसूल मंडळाच्या मापानंच मोजतात. पण पेरणीचा निर्णय तर तुमचाच ना बाप्पा.

हिशोबाले वही आन् सोलरवालं कॅल्क्युलेटर, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कॅमेरा मात्र वेगळा घेऊ नका, उगा खर्च. पानावरची अळी सहायक कृषी अधिकाऱ्याले (आधीचे कृषी सहायक) दाखवायची असली तर त्या दिवशी स्मार्टफोन वावरात न्या, पानाच्या खालच्या बाजूचा पण फोटो काढा आन् पाठवून द्या.